उलटी उडी

जीर्णोद्धारात काय राखावे आणि काय बदलावे, हा प्रश्न कुंभकोणमच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला ग्रंथांतून शिकावा लागत नाही. साधारण बारा वर्षांनी देवळांचे कुंभाभिषेक होतात, गोपुरांवर नवा रंग चढतो, आणि त्या रंगाखाली एखाद्या जुन्या मूर्तीचे नाकडोळे बुजले की वृद्ध मंडळी हळहळतात. परंतु हाच प्रश्न एका पाटीएवढ्या खेळण्यातून आमच्यापुढे येईल, असे आम्हांस वाटले नव्हते.

गेल्या सुटीत आमच्या नातवाने इन्नंबूरच्या घरी निन्टेंडो कंपनीचे 'स्विच' नावाचे यंत्र आणले. हातात धरून कोठेही बसून खेळावे, अशी त्याची सोय. त्यात 'सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स' हा संच होता. १९९६, २००२ आणि २००७ या सालांतले तीन खेळ उजळून कंपनीने तो सप्टेंबर २०२० मध्ये काढला आणि ३१ मार्च २०२१ नंतर त्याची विक्री थांबविली. पहिला खेळ 'सुपर मारिओ ६४'. मिशाळ मारिओ उड्या मारीत किल्लाभर तारे गोळा करतो. चित्रे पूर्वीपेक्षा रेखीव झाली आहेत. चौकट मात्र जुन्या दूरचित्रवाणीच्या पडद्याच्या मापाचीच ठेवली आहे.

आमच्या चिरंजीवांनी हा खेळ विद्यार्थिदशेत एका मित्राकडे खेळलेला. त्यांनी मोठ्या उत्साहाने यंत्र हाती घेतले. किल्ल्यात एक जिना आहे. सत्तर तारे मिळेपर्यंत तो संपतच नाही. पण जिन्याकडे पाठ करून लांब उडी मारावयाची आणि कळ भराभर दाबीत राहावयाचे, की मारिओ उलटा सुसाट वर जात असे. रचणाऱ्यांनी पुढच्या वेगाला मर्यादा घातली होती, मागच्या वेगाला घालावयाची राहून गेली होती. चिरंजीवांनी दहा वेळा प्रयत्न केला. मारिओ जागचा हलेना. १९९७ साली जपानात निघालेल्या सुधारित आवृत्तीत ती चूक दुरुस्त झाली होती, आणि नवा संच त्याच आवृत्तीवर बेतलेला आहे. नातू म्हणाला, "अप्पा, ती चूकच होती ना? मग बरे झाले की!" चिरंजीव काही बोलले नाहीत; पण त्यांचा चेहरा उतरला.

त्याच आठवड्यात नातवाने आपल्या आजीलाही दुरुस्त केले. तो चेन्नईत वाढलेला. पुण्याच्या वळणाचे मराठी तो पाठांवरून नीट शिकला आहे, आणि त्याचे आम्हांस कौतुकच आहे. आजीच्या बोलीत मात्र तमिळ शब्द मराठी प्रत्यय लावून सुखाने नांदतात, आणि वाक्याचा हेल कावेरीकाठचा. "आजी, असे म्हणत नाहीत," तो म्हणाला. आजी हसली, पण त्यानंतर दोन दिवस ती त्याच्याशी जपून, मोजके बोलत होती. हे आम्हांस लागले.

तंजावरचे भोसल्यांचे राज्य १८५५ साली खालसा झाले. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळात कोरविलेला मराठी लेख आजही तेथे आहे. दगडाला कोणी शुद्ध करीत नाही. बोलीला असा दगड नसतो. ती दुरुस्त झाली की पूर्वीची आवृत्ती कोठेच उरत नाही, आणि तिच्याबरोबर एका घराचा साडेतीनशे वर्षांचा प्रवास पुसला जातो. शुद्ध भाषा शिकू नये, असे आमचे म्हणणे नाही. शुद्ध भाषेमुळे आजीने गप्प व्हावे, एवढेच आम्हांस मान्य नाही.

चिरंजीवांनी पुढे शोध घेतला, तेव्हा कळले की ऑक्टोबर २०२१ पासून त्याच यंत्रावर वर्गणीदारांसाठी मूळची इंग्रजी आवृत्तीही मिळते, आणि तीत उलटी उडी साधते. बापलेकांनी त्या रात्री तो न संपणारा जिना पाठमोरा चढून दाखविला. नातू टाळ्या पिटीत होता.

आमच्या गावच्या एळुत्तरिनाथाच्या देवळात मुलांना अक्षरओळखीसाठी आणतात. अगस्त्यांनी येथे व्याकरण शिकल्याची कथा आहे. आम्ही नातवाला एवढेच सांगितले, की अगस्त्य व्याकरण शिकावयास आले, तेव्हा त्यापूर्वी कोणीतरी ती भाषा बोलत होतेच. मग त्याने वही काढली, आणि आजीला विचारून तिचे शब्द, ती म्हणते तसेच, लिहून घ्यावयास बसला.