पडद्याची खालची काठी

सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो पाठीमागून. तंजावरजवळच्या आमच्या गावी भाताची कापणी उरकली की मोकळ्या रानात टूरिंग टॉकीज येई. झावळ्यांचं छप्पर, खाली वाळू. तिकीटवाले वाळूचा ढीग करून त्यावर ऐसपैस बसत. आम्ही फुकटी पोरं पडद्यामागच्या बांधावर. १९५८ सालच्या ‘नाडोडी मन्नन’ या तमिळ सिनेमात राजाही एमजीआर आणि बंडखोरही एमजीआर. माझ्या बाजूने दोघेही डावखुरे! पुढे अप्पांनी तिकीट काढून समोर बसवलं, तेव्हा तलवार उजव्या हातात पाहून मला फसवल्यासारखं वाटलं.

अक्काच्या लग्नाआधी तंजावरच्या एका स्टुडिओत घरच्या सगळ्यांचा फोटो काढला. मागे रंगवलेला पडदा: जिना, तळं, दोन हंस. कालव्याकाठची आम्ही माणसं महालात उभी. पण पडदा आखूड पडला. त्याची खालची काठी आणि सिमेंटची फरशी फोटोत आली. अप्पा वैतागले. फ्रेमवाल्याने तेवढी पट्टी पुठ्ठ्याखाली झाकून दिली.

ती पट्टी आठवली बंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांच्या छायाचित्रांपुढे. क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ या काळात केलेल्या ‘नेटिव्ह विमेन ऑफ साऊथ इंडिया’ या मालिकेत पुष्पमाला स्वतःच सोंगं घेतात: कधी रविवर्म्याची लक्ष्मी, कधी जयललितांच्या तमिळ सिनेमातली चाबूकवाली नायिका. आणि हे सोंग उभं करतानाची पडद्यामागची धावपळही त्यांनी मालिकेतच मांडली आहे. आमच्या अप्पांनी जे झाकलं, ते इथे भिंतीवर टांगलेलं.

पडद्यामागचं असं दाखवणं सिनेमालाही जुनंच. दादासाहेब फाळके तर जादूचे प्रयोगही करत, तरी गुपित झाकून बसले नाहीत. १९१७ साली त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हेच दाखवणारी फिल्म काढली; तीत ते स्वतः काम करताना दिसतात. त्याच वर्षीच्या ‘लंकादहन’मध्ये राम अण्णा साळुंके आणि सीताही अण्णा साळुंकेच. तरी पडद्यावर राम आला की लोक हात जोडत. सोंग कळलं म्हणून हात काही खाली येत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या फोटोची फ्रेम वाळवीने पोखरली. नवी करताना पुठ्ठा काढायला सांगितला. आता भिंतीवर जिना आहे, हंस आहेत, काठी आहे, आणि फरशीवर अप्पांचे अनवाणी पाय आहेत.