मॉस्कोची दैनंदिनी : ओस्तांकिनोचा प्रासाद

मॉस्को, ११ जुलै २०१२

पावसाची रिपरिप सकाळपासून चालू असतानाही ट्रामने ओस्तांकिनो गाठले. परंतु हवेत दमटपणा फार असल्याने प्रासाद आज उघडणार नाही, असे दारावरच्या बाईंनी सांगितले. संग्रहालय उन्हाळ्यापुरतेच, आणि तेही कोरड्या हवेत, खुले असते. कारण बाहेरून दगडी भासणारी ही वास्तू वस्तुतः लाकडाची असून वर केवळ गिलावा आहे. शेजारचे सतराव्या शतकातले लाल विटांचे चर्च आणि समोरचा ५४० मीटर उंचीचा दूरदर्शन-मनोरा पाहून परतलो.

१३ जुलै

आज लख्ख ऊन पडले. पायांत नमद्याच्या सपाता चढवून आत शिरलो. चेर्कास्की घराण्याची ही जहागीर १७४३ मध्ये विवाहसंबंधाने शेरेमेतेव सरदारांकडे आली, आणि काउंट निकोलाय शेरेमेतेव याने १७९२ ते १७९८ या काळात येथे प्रासाद उभारला, तो राहण्यासाठी नव्हे, तर नाटकशाळेसाठी. पाव्हेल अर्गुनोव, अलेक्सेई मिरोनोव हे त्याचे वास्तुकार त्याच्याच पदरचे भूदास होते. आणि रंगभूमी गाजविणारी प्रास्कोव्या झेम्चुगोवा ही एका भूदास लोहाराची कन्या. काउंटने तिला दास्यमुक्त केले, १८०१ मध्ये तिच्याशी गुपचूप विवाह केला. परंतु पुत्रजन्मानंतर थोड्याच दिवसांत, १८०३ मध्ये, ती निवर्तली.

प्रेक्षागृहाची जमीन रंगमंचाच्या पातळीस आणून त्याचे नृत्यदालन करण्याची योजना होती. वाऱ्याचे, पावसाचे, मेघगर्जनेचे आवाज काढणारी लाकडी यंत्रे अद्याप शाबूत आहेत. संगमरवरी म्हणून वाखाणावा असा एक स्तंभ जवळून न्याहाळला, तेव्हा दगडातल्या शिरा कुंचल्याने ओढलेल्या दिसल्या आणि रंगाच्या बारीक भेगांतून लाकडाचे अंग डोकावले.

मॉस्को, १७ ऑगस्ट २०१६

२०१३ पासून जीर्णोद्धारासाठी प्रासाद बंद असल्याने या खेपेस फाटकाबाहेरूनच दर्शन घेतले. नाटकशाळेचे वैभव मोजक्या वर्षांतच ओसरले, धन्यांचे मन उडाले, घर ऊबदार ठेवण्याची सोय कधी झाली नाही. आणि या उपेक्षेमुळेच, १९१८ मध्ये संग्रहालय होईपर्यंत, अठराव्या शतकातली सजावट नव्या हौसेच्या तावडीतून सुटली. आता उपेक्षेने वाचविलेले जपायचे, तर कुजलेले लाकूड बदलावे लागणार आणि बदलले की मूळचे तेवढे गेलेच, असा पेच आहे. वास्तुकारांची नावे दप्तरांत उरली. परंतु शिरा रंगविणाऱ्या, नक्षी कोरणाऱ्या बहुतेक भूदासांची सही त्यांच्या कामापलीकडे कोठेच नाही. एकेक फळी हलविण्यापूर्वी दुरुस्तीकार दहा वेळा विचार करीत असतील, तर त्यास दिरंगाई म्हणण्याचा अधिकार आपणास नाही.