सत्तावीस नंबरचं घर

असोदा म्हटलं की कुणाला बहिणाबाईंचं माहेर आठवतं, कुणाला भरताची वांगी. मला ओट्यावर बसून माझे फॉर्म चाळणाऱ्या निवृत्त नर्सबाई आठवतात.

सार्वजनिक आरोग्याच्या पदवीसाठी मी बायकांमधल्या रक्तक्षयाची पाहणी करत होतो. दिवस कापूस वेचणीचे. दहाला निघायचं, दार उघडं दिसेल तिथे शिरायचं, बोट टोचायचं, आकडा लिहायचा. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असलेल्या इतक्या निघाल्या, की मी मनातून चक्क खूश होतो.

नर्सबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "भाऊ, या टायमाला घरी कोन सापडतं? जिच्यानं कापूस येचवत नाही, तीच ना?"

टक्केवारी काढून झाली होती, काय-वर्ग चाचणीसुद्धा. पण चाचणी म्हणजे गिरणी. टाकाल तेच दळून देते.

त्यांनी माझ्याकडून साऱ्या घरांची यादी करवली. एक ते दहाच्या चिठ्ठ्या चहाच्या डब्यात घालून नातीला एक उचलायला लावली. सात निघाला. मग सातवं घर, सतरावं, सत्ताविसावं... कुलूप असलं तर परत जायचं, शेजारच्या घरात शिरायचं नाही. हा नियम मला फार जाचला. रक्तक्षयाचा आकडा मात्र उतरला. निर्धास्त व्हावं इतका नव्हे.

पुढे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे वाचले. साताऱ्याकडच्या बुधचे. पीक कापणीच्या प्रयोगांत त्यांनी दाखवलं होतं की मोजायचा तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न फुगतं. कडेवरची ताटं मोजणाऱ्याच्या हातून आतच धरली जातात. त्यांच्या १९५४ च्या नमुना पाहणीवरच्या ग्रंथातली गणितं मला जड गेली, पण हा कडेचा मुद्दा जड गेला नाही. तो मी ओट्यावरूनच शिकून आलो होतो.

प्रबंध अर्धाही झाला नव्हता, तेव्हाच मी विचारलं होतं, ऋणनिर्देशात तुमचं नाव घालू का? "माझं नाव कायले? सत्तावीस नंबरवाली भेटली का?"

तीन खेपा कुलूप. चौथ्यांदा पहाटे साडेपाचला गेलो. ती फडक्यात भाकरी बांधत होती, चौकात मजुरांची गाडी हॉर्न देत होती. हात पदराला पुसून तिने बोट पुढे केलं.

"टोच लवकर."