ढोलीतली इवली घरे

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ओव्हरलँड पार्क नावाचे शहर आहे. तेथील टॉमाहॉक ओढ्याच्या काठाने दाट झाडीतून एक पायवाट जाते. गावातील माणसे तिथे फिरायला येतात, लहान मुले आई-वडिलांचा हात धरून चालतात. २०१३ च्या वसंत ऋतूत या नेहमीच्या लोकांना एका झाडाच्या ढोलीला बसवलेले छोटेसे दार दिसले. लहान मुलाच्या बोटांनी सहज उघडावे एवढेच ते होते. आत डोकावले तर बाहुलीला शोभेल असे सामान मांडून ठेवलेले. काही दिवसांनी दुसऱ्या झाडाला असेच दार आले, मग तिसऱ्याला. ही घरे कोण करते, ते कोणालाच ठाऊक नव्हते. मोठी माणसे तर्क लढवीत राहिली. मुलांना मात्र तर्काची गरज भासली नाही. तिथे पऱ्या राहतात, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकले होते. पऱ्यांच्या नावाने चिठ्ठ्या येऊ लागल्या.

ही घरे एक आई आपल्या मुलांच्या मदतीने गुपचूप तयार करीत होती. तिने कोठे नाव लिहिले नाही, कोणाकडे मोबदला मागितला नाही. दाराबाहेर उभ्या राहिलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य हीच तिची मिळकत होती.

त्याच सुमारास त्या गावातील एका कुटुंबावर आभाळ कोसळले होते. दोन-तीन वर्षांची त्यांची चिमुरडी मेंदूतील गाठीच्या आजाराने गेली. ज्या घरातले खेळणे आवरायला कोणाचा हात धजत नाही, त्या घरातील माणसांनी जावे तरी कोठे? ती माणसे या पायवाटेवर येऊ लागली. घरे करणाऱ्या बाईला हे कळले, तेव्हा तिने त्या मुलीच्या स्मरणार्थ एक नवे घर केले आणि त्याला ‘लिटल आउल’, म्हणजे ‘छोटे घुबड’, असे नाव दिले. आपल्याकडे घुबडाचे नाव कोणी मुलीच्या आठवणीशी जोडणार नाही. तिकडे मात्र तो लाडाचा पक्षी आहे. जिच्यासाठी आता घरात काही करता येत नव्हते, तिच्यासाठी रानात एक दार उघडे राहिले. या साऱ्या हकिकतीवर शेरॉन लीस यांनी ‘द नोमिस्ट’ हा लघुमाहितीपट केला. तो २०१५ साली लोकांसमोर आला.

परंतु ही पायवाट टिकली नाही. रान सार्वजनिक होते. जिथे कोणालाही यायला मोकळीक असते, तिथे मोडतोड करणारा हातही येतो. घरांची नासधूस झाली. अखेरीस ती घरे वाटेवरून गेली आणि ती बाईही कुटुंबासह यूटा राज्यात राहायला गेली. ढोल्या पूर्वीसारख्या रिकाम्या झाल्या.

इंग्लंडमध्ये असाच प्रश्न वेगळ्या वाटेने उभा राहिला. सॉमरसेट परगण्यात क्रूकर्नजवळ वेफर्ड वूड्स नावाची वनराई आहे. तिथे २००० सालच्या आसपास झाडांच्या बुंध्याशी परीची दारे दिसू लागली. मुले दारामागे निरोप ठेवू लागली. ते पाहून दुसऱ्या कुटुंबाने आपले दार आणून बसवले, मग तिसऱ्याने. २०१५ पर्यंत दारांची संख्या दोनशेच्या वर गेली. तेव्हा वनराईची देखभाल करणाऱ्या विश्वस्तांना हात आखडता घ्यावा लागला. आपला पऱ्यांना विरोध नाही, पण नव्या दारांना काही मर्यादा हवी, अशी त्यांची भूमिका होती. बाहेरच्या लोकांना या बातमीची गंमत वाटली. विश्वस्तांसमोरचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. झाडाच्या सालीखालून त्याचे अन्न वाहते. तिथे खिळा किंवा स्क्रू बसला की जखम होते आणि तिच्यातून कीड व बुरशी आत शिरते. बुंध्याशी येणाऱ्या पावलांनी मुळांवरची माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. एका दाराने झाडाचे फारसे बिघडत नाही. दोनशे दारांचे ओझे मात्र रान सोसू शकत नाही. शिवाय प्रत्येक दार प्रेमानेच लावलेले असते. मग त्यातले कोणते काढायचे?

या दोन हकिकतींत एकीकडे द्वेषाने मोडले, दुसरीकडे प्रेमाने गर्दी झाली. सर्वांच्या मालकीची वस्तू या दोन्हींपुढे सारखीच दुबळी असते. तिला कुलूप लावता येत नाही आणि तिच्या दाराशी राखणदारही बसवता येत नाही. प्रत्येकाने आपला हात थोडा आवरता घ्यावा, एवढ्याच भरवशावर ती उभी असते.

अमेरिकेतीलच मेन राज्यात पोर्टलंड शहराजवळ मॅकवर्थ नावाचे छोटे बेट आहे. बेटाभोवतीची पायवाट सुमारे दोन किलोमीटरची आहे. तिथे मुलांना परीची घरे बांधण्यासाठी जागाच राखून ठेवलेली आहे. नियम साधे आहेत. गळून पडलेल्या काटक्या, सुकी पाने, शंख-शिंपले, दगड एवढेच वापरायचे. जिवंत काही तोडायचे नाही, बाहेरचे काही आणायचे नाही. ते घर पावसाने भिजते, वाऱ्याने ढासळते आणि त्याचे सामान पुन्हा मातीला मिळते. पुढच्या आठवड्यात दुसरे मूल तिथेच दुसरे घर बांधते. आपले घर उद्या नसेल, हे मुलाला बांधतानाच ठाऊक असते, म्हणून पडझडीने त्याचे मन मोडत नाही. शेवट आधीच मान्य केल्यामुळे तो खेळ चालू राहिला आहे.

कॅन्ससमधल्या त्या बाईची घरे अशी मातीला मिळणारी नव्हती. ती मन लावून, टिकावीत म्हणून केलेली होती. म्हणून त्यांचे जाणे अधिक लागले. मुलगी गमावलेल्या आईला तर एका जागेचा दुसऱ्यांदा वियोग झाला. मग ते दार उघडलेच नसते तर बरे झाले असते का?

व्यापारी घराण्यांना याचे उत्तर परके वाटणार नाही. कित्येक पेढ्या उठतात, दुकानाची फळी कायमची लागते, पण अडचणीच्या दिवसांत त्या पेढीने ज्याला आधार दिला, तो मनुष्य तिचे नाव पुढे आयुष्यभर काढतो. पेढी उठली म्हणून दिलेला आधार खोटा ठरत नाही. सर्वांत कठीण दिवसांत त्या आईला पाय ओढून नेणारी एक वाट मिळाली. ते दिवस सरले, मग वाटही सरली. दाराने आपले काम केले होते.

टॉमाहॉक ओढ्याकाठची ती झाडे आता नुसती झाडे आहेत. मात्र तेव्हा आईचा हात धरून आलेली मुले आज मोठी झाली आहेत. ढोली दिसली की त्यांच्यातले कोणीतरी अजूनही वाकून आत पाहत असेल.