चौकीची जोडी

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा पोटात गोळाच आला. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट! एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांत माझा अजून गोंधळ होतो. पण एका विषयातलं मराठी मला आजीमुळे पक्कं येतं. दुर्री, तिर्री, चौकी, पंजी, छक्की, सत्ती... तेव्हा पत्त्यांवरच लिहिते. (मॅडम, नाक मुरडू नका, प्लीज!)

आमचं मूळ घर पावसजवळ. गणपतीत मुंबईचे चाकरमानी येतात, आरत्या-भजनं झाली की जागरणाला पत्ते निघतात. लहानपणी झब्बू, मग मेंढीकोट, आणि मोठ्यांत बसायची परवानगी मिळाली की तीन पत्ती. 2025 च्या गणपतीत मात्र मुंबईच्या चुलत दादाने आम्हा पाच जणांना पोकर शिकवला. पैसे लावायचे नाहीत ही आजीची अट. म्हणून तिने भाजायला ठेवलेल्या काजूबिया प्रत्येकी दोनशे वाटून घेतल्या. जो सगळ्यांत आधी कफल्लक होईल त्याने सकाळी सगळ्या बिया भाजायच्या. ज्यांनी बिया भाजल्यात त्यांना कळेल, ही शिक्षा साधी नाही.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला दोन पत्ते, ते फक्त आपणच बघायचे. मग मध्ये सगळ्यांसाठी पाच पत्ते उघडतात. आधी तीन एकदम, त्याला फ्लॉप म्हणतात. मग एक, मग शेवटचा एक. प्रत्येक टप्प्यावर बोली. सातांतून ज्याचे पाच भारी, त्याचा डाव.

मला दोन चौक्या आल्या. हातातच जोडी! मी मनात उड्या मारल्या. दादाने दहा बिया लावल्या, मीही दहा टाकल्या. फ्लॉप आला राजा, नव्वी, दुर्री. दादाने वीस लावल्या. मी विचार केला, जोडी आहे ना, आणि चौकी काय, येईलच! वीस टाकल्या. पुढे सत्ती आली. दादाने पन्नास लावल्या, मीही टाकल्या. शेवटी राणी. आता उरलेल्या सगळ्या गेल्या. दादाकडे राजाची जोडी होती. मी एका डावात दोनशेची शून्य!

"तुमच्या एम-फोरमध्ये प्रोबॅबिलिटी असते ना गं?" दादाने विचारलं. मग मागच्या पडवीत बसून त्याने कॅलेंडरच्या पाठीवर गणित मांडलं.

तीन पत्तीत साधारण शंभरात सतरा वेळा जोडी येते आणि तिथेच विषय संपतो. पोकरमध्ये पहिल्या दोन पत्त्यांतच जोडी सतरा वेळांत एकदाच येते, म्हणून ती फार मोठी वाटते. पण मध्ये राजा-राणी उघडले की चौकीच्या जोडीला कोण विचारतो? तिची खरी किंमत तिसऱ्या चौकीत. फ्लॉपवर ती येण्याची शक्यता 11.8 टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. बाकी साडेसात वेळा दहा-दहा बिया बुडणार, म्हणजे पंचाहत्तर. जेव्हा लागेल तेव्हा एवढ्या तरी सुटल्या पाहिजेत. समोरच्यापुढे चाळीसच बिया असतील तर तिसरी चौकी येऊनही तोटाच! शिवाय लागल्यावर समोरचा दर वेळी सगळं देतो असं नाही, आणि कधी त्याला आपल्याहून मोठं तिक्कल लागतं. म्हणून आपल्यापुढे आणि त्याच्यापुढे लावायच्या रकमेच्या पंधरा-वीस पट असेल तरच आत जायचं. जितके जास्त लोक स्वस्तात आत येतील तितकं बरं. लागली तर लाजत बसायचं नाही, बोली वाढवायची. आणि नाही लागली, समोरून बोली आली, तर पत्ते टाकून द्यायचे.

"तू पहिल्या दहा टाकल्यास ते बरोबर होतं," दादा म्हणाला. "फ्लॉपनंतर 47 पत्ते न दिसलेले, त्यांत चौक्या दोन. पुढच्या पत्त्याला चार टक्के. त्या आशेवर वीस टाकल्यास, तिथे चुकलीस."

मी म्हटलं, "एवढं येतं तर तू कधी हरतच नसशील!"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने जे सांगितलं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. (आता माहीत आहे. त्याला विचारूनच लिहितेय.) नोकरी लागल्यावर तो मोबाईलवर पैसे लावून पोकर खेळायचा. सुरुवातीला गणिताप्रमाणे. पण ॲपवाले प्रत्येक मोठ्या डावातून आपला वाटा कापतात, त्यात गणितातला छोटासा फायदा कधी विरघळला ते कळलंच नाही. मग हरलेलं भरून काढायला रात्री दीड-दोनपर्यंत. "नाही लागली तर टाकायची हे मला पाठ होतं गं. पण पाच हजार गेलेले असले की दुर्रीची जोडीसुद्धा टाकवत नाही." दीड वर्षात एक लाख ऐंशी हजार गेले. गणपतीच्या आधीच्याच आठवड्यात, ऑगस्ट 2025 मध्ये, पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला आणि त्याचं ॲप बंद पडलं. "मी थांबलो नाही, मला थांबवलं," तो म्हणाला.

मला काय बोलावं सुचेना. त्याच्यासारखा हुशार मुलगा आमच्या घरात दुसरा नाही. म्हणजे गणित येत नव्हतं म्हणून तो हरला नव्हता. आणि मी? माझ्या तर नुसत्या काजूबिया होत्या, तरी माझ्याच्याने त्या चौक्या टाकवल्या नाहीत. पैसे असते तर मी शहाण्यासारखी वागले असते, असं छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

साडेआठात एकदा, हे कुणीही पाठ करेल. बाकी साडेसात वेळा पत्ते पालथे टाकून गप्प बसायचं, तो खरा खेळ. आणि टाकता येत नाहीयेत हे कळलं की टेबलावरून उठायचं, तो त्याहून मोठा.

दिवाळीत दादाने काकांना सगळं सांगितलं. घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. आता तो हप्त्याने फेडतोय.

आणि हो, दुसऱ्या दिवशी बिया मीच भाजल्या. चीक उडून बोटांची सालं गेली, डोळे धुराने लाल. दादा न सांगता शेजारी येऊन फोडायला बसला. आजी म्हणाली, "हरलीस ना? मग गरम आहेत तोवर खा."

– टी. ई., कॉम्प्युटर