वजावटीचे दिवस

प्राप्तिकर या शब्दात प्राप्ती आधी येते आणि कर मागून. हा शब्द ज्याने बनवला तो नोकरदार नसावा. नोकरदाराचा कर आधी जातो आणि उरलीसुरली प्राप्ती मागाहून घरी येते. दुकानदाराला निदान पैशाचं तोंड तरी दिसतं. आपल्याला पगारपत्रकावर त्याचा नुसता फोटो दिसतो.

तसं पाहिलं तर मराठी माणसाला वसुली नवी नाही. एके काळी आपल्या पूर्वजांनी चौथाई म्हणून शेकडा २५ आणि वर सरदेशमुखी म्हणून शेकडा १०, असे ३५ टक्के घोड्यावर बसून गोळा केले. आज जुन्या पद्धतीत दहा लाखांवरच्या मिळकतीला ३० टक्के कर, त्या करावर ४ टक्के उपकर, म्हणजे सगळे मिळून ३१.२ टक्के पडतात. काळाने सूड घेतला म्हणायचं, पण थोडी सूट देऊन! ज्यांना हेही जड वाटतं त्यांनी १९७३-७४ साल आठवावं. तेव्हा सर्वांत वरच्या पायरीवर अधिभार धरून कर होता ९७.७५ टक्के. शेवटच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये तेवढे कमावणाऱ्याचे. अर्थात आपल्याला त्या पायरीची भीती नव्हती. आपण जिन्याखाली राहत होतो.

लहानपणी वजाबाकी आवडणारा मुलगा मी पाहिलेला नाही. पण तोच मुलगा मोठा होऊन नोकरीला लागला की त्याला 'वजावट' या शब्दाइतका गोड शब्द दुसरा सापडत नाही. आमच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. जुलै उजाडला की त्यांच्या दारात सत्यनारायण असल्यासारखा चपलांचा ढीग पडतो. त्यांच्याकडून कानावर आलेल्या चार गोष्टी सांगतो. दक्षिणा नको.

पहिली गोष्ट पंथाची. २०२० साली करदात्यांचे दोन पंथ झाले, जुना आणि नवा. २०२३-२४ पासून तुम्ही गप्प बसलात तर आपोआप नव्या पंथाचे. २०२५-२६ पासून या पंथात १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर नाही. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत नाही. (शेअरबाजारातल्या नफ्याचा हिशेब वेगळा.) मात्र बाकीच्या बहुतेक वजावटींवर इथे पाणी सोडायचं. काका म्हणतात, "दोन्ही पद्धतींनी हिशेब कर आणि कमी पडेल ती धर. नोकरदाराला दर वर्षी पंथ बदलता येतो, फक्त विवरणपत्र मुदतीत भर." एवढं सोपं धर्मांतर दुसरीकडे कुठे नाही.

दुसरी गोष्ट जुन्या पंथातल्यांसाठी. दीड लाखाची जी प्रसिद्ध टोपली आहे तिच्यात भविष्यनिर्वाह निधी, पीपीएफ, विम्याचा हप्ता, घरकर्जाची मुद्दल आणि मुलांची शिकवणी फी असं सगळं बसतं. फी मात्र दोनच मुलांची. भिंतींवरचे लाल त्रिकोण कधीच पुसले गेले, प्राप्तिकराच्या कायद्यात ते अजून शाबूत आहेत. शिवाय फी म्हणजे नुसती शिकवणीची. देणगी नाही, विकास निधी नाही. आमच्या धाकट्याच्या शाळेच्या पावतीत या दोन्ही गोष्टी ठळक अक्षरांत असत आणि शिकवणी शोधावी लागे.

तिसरी गोष्ट आईवडिलांची. त्यांचं वय साठच्या पुढे असेल तर त्यांच्या आरोग्यविम्याच्या हप्त्यापोटी ५० हजारांपर्यंत वेगळी वजावट मिळते. वडिलांच्या घरात राहत असाल तर त्यांना खरोखरीचं भाडं देऊन घरभाडे भत्त्यावर सवलत मागता येते. मात्र वडिलांनी ते भाडं आपल्या उत्पन्नात दाखवायला हवं. हेही सगळं जुन्या पंथातच. श्रावणबाळाला मात्र काही मिळालं नसतं. कावडीचा प्रवासखर्च कुठल्याच कलमात बसत नाही.

चौथी गोष्ट नवरा-बायकोची, आणि ती दोन्ही पंथांना लागू. आपण बायकोच्या हातात पैसे ठेवले आणि तिने ते बँकेत मुदत ठेवीत टाकले, तर व्याज धरलं जातं आपल्या उत्पन्नात. नवऱ्याने बायकोला दिलेले पैसे बायकोचेच होतात, हे जगात सगळ्यांना ठाऊक आहे. एकट्या प्राप्तिकर खात्याला ते पटत नाही. बायकोपासून लपवलेल्या ठेवीचीही बँकेकडून खात्याला खबर असते. तेव्हा व्याज न चुकता दाखवा.

आता खरी गोष्ट. वजावटीसाठी मी पीपीएफचं खातं उघडलं आणि दर मार्चमध्ये कुरकुरत, दात-ओठ खात त्यात पैसे भरले. सौ. म्हणायची, "अहो, भरून टाका. सरकारला देण्यापेक्षा बरं." पंधरा वर्षांनी खात्याची मुदत संपली तेव्हा मुलगी इंजिनियरिंगला गेली होती. कोणापुढे हात न पसरता तिची फी भरली गेली. त्या दिवशी सौ.ने पासबुक पुन्हा एकदा उघडलं आणि म्हणाली, "कराची धास्ती नसती, तर यातला एक रुपया तरी राहिला असता का हो?"

मी काही बोललो नाही. आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांत असंच झालं. सरकारने काठी उगारली म्हणून आपण बचतीच्या गोठ्यात शिरलो, आणि म्हातारपणी तोच गोठा ऊबदार निघाला.

माझा पुतण्या नव्या पंथाचा. त्याला म्हटलं, पीपीएफमध्ये थोडे टाक. तो म्हणाला, "काका, कर शून्य आहे. पैसे अडकवायचे कशाला?" हिशेबाने त्याचं बरोबर आहे. फक्त त्याच्या पगारातून कर जात नाही तर मोबाइलचा, गाडीचा आणि सिंगापूरच्या सहलीचा हप्ता जातो. वजावट होतेच आहे. दुसऱ्या कोणाच्या खात्यात, एवढंच.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला १९६१चा कायदा जाऊन २०२५चा लागू झाला. आपलं इतक्या वर्षांच्या ओळखीचं ८०सी कलम त्यात १२३ झालं. म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा पाचवी आणि शेवटची गोष्ट, ही माझी स्वतःची. गेल्या वर्षी तुमचा जेवढा कर वाचला तो आकडा कागदावर लिहा, आणि तेवढे पैसे घरात कुठे आहेत ते शोधा. सापडले नाहीत तर पुढच्या महिन्यापासून तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच बाजूला काढा. त्याला कलम लागत नाही, पावती लागत नाही. नव्या पंथात बचतीला वजावट नाही हे खरं. पण बंदी तर नाही ना?

कर नसला तरी चालेल. मार्च आला की घाबरायची सवय तेवढी सोडू नका.