लोपाखिनचा हिशोब

चेकॉव्हच्या 'चेरी ऑर्चर्ड'मधला लोपाखिन वाट्याला आला की बहुतेक नट सगळ्यात आधी तिसरा अंक उघडतात. लिलावातून परतलेला लोपाखिन त्यात हसतो, पाय आपटतो, वाजंत्र्यांना जोरात वाजवायला सांगतो. ज्या इस्टेटीवर त्याचे बाप-आजे भूदास म्हणून राबले, ती आता त्याची. टाळीची जागाच ती! नट तिथे सूड उगवतो आणि भूमिका हातची घालवतो.

आकडे नीट वाचायला हवेत. लिलावात मालकीण रानेव्स्कायाच्या भावाकडे, गायेवकडे, अवघे 15 हजार रूबल असतात. देरिगानोव नावाचा धनाढ्य पहिलीच बोली लावतो ती कर्जाच्या रकमेवर 30 हजारांची. गायेव तिथेच बाद होतो आणि लोपाखिन उतरतो तो त्यानंतर. समोरचा पाच-पाच हजारांनी चढतो, हा दहा-दहांनी, आणि शेवटी कर्जावर 90 हजार मोजून इस्टेट घेतो. बाग रानेव्स्कायाच्या हातून आधीच गेलेली होती. हे ज्या नटाला उमगलं, त्याच्या हसण्यात रडू आपोआप मिसळतं. तू माझं का ऐकलं नाहीस, असं लोपाखिन तिला रडतच विचारतो.

कारण पहिल्या अंकात त्यानेच मार्ग दाखवलेला असतो. बाग तोडा, उन्हाळी बंगल्यांसाठी प्लॉट पाडा, वर्षाला किमान 25 हजार सुटतील. वर 50 हजारांचं कर्ज मिळवून देण्याची तयारी. लहानपणी बापाने मारून नाक फोडलं तेव्हा ज्या बाईने त्याचं तोंड धुतलं, तिच्यासाठी हा माणूस हिशोब मांडतो. त्याची माया हिशोबातूनच बोलते. चौथ्या अंकात तो खसखशीच्या पिकातून मिळालेले 40 हजार सांगतो आणि त्याच दमात फुललेलं शेत किती देखणं दिसत होतं तेही सांगतो. नटाने इथे आवाज बदलू नये.

चेकॉव्हचे स्वतःचे आजोबाही भूदास होते. त्यांनी पैसे भरून कुटुंबाची सुटका करून घेतली. 1876 मध्ये वडिलांचं दुकान बुडालं आणि तागानरोगचं राहतं घर घरोब्यातल्याच एका माणसाने घेतलं. एवढं सोसूनही चेकॉव्हने लोपाखिनला खलनायक केलं नाही. हा व्यापारी सर्वार्थाने सज्जन आहे, असं त्याने दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीला पत्रातून बजावलं. ही भूमिका स्तानिस्लावस्कीनेच करावी अशी चेकॉव्हची इच्छा होती. स्तानिस्लावस्की स्वतः कारखानदार घराण्यातला. पण त्याने गायेव घेतला आणि 17 जानेवारी 1904 च्या पहिल्या प्रयोगात लोपाखिन लिओनीदोवने केला.

मग निष्ठुरपणा कुठे आहे? चौथ्या अंकात. घरची माणसं अजून निघालेली नाहीत आणि बागेत कुऱ्हाडी चालू झाल्यात. आई जाईपर्यंत तरी थांबा, असा रानेव्स्कायाच्या मुलीचा, आन्याचा निरोप येतो तेव्हा तो ओशाळून तोड थांबवायला धावतो. निरोपासाठी त्याने आठ रूबलची शॅम्पेन आणलेली असते. घरच्यांपैकी कोणी तिला शिवत नाही. नंतर रानेव्स्कायाच्या दत्तक मुलीसमोर, वार्यासमोर, लग्नाचं विचारायला उभा राहतो आणि थंडीबद्दल बोलतो. बाहेरून हाक येताच सुटका झाल्यासारखा निघून जातो.

लाखाची बोली बेधडक लावणाऱ्याला हे एक वाक्य जमत नाही. दिग्दर्शकांनी लोपाखिनसाठी नट निवडताना लिलावाचं भाषण बाजूला ठेवावं आणि वार्याचा हा प्रवेश वाचून घ्यावा.